बाळाचं पहिलं पांघरूण: विणकामाचे प्रश्न, उत्तरं

दिवाळी संपली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी तर निम्म्याहून अधिक पत्रं एकाच गोष्टीची आहेत. घरात बाळ येणार आहे, बाळंतविड्यात स्वतःच्या हातचं काहीतरी असावं अशी इच्छा आहे आणि सुया याआधी फारशा धरलेल्या नाहीत. झबलं विणू का, टोपडं विणू का, की पायमोज्यांपासून सुरुवात करू, असं पुष्कळजणींनी विचारलंय.

सगळ्यांना माझं सांगणं एकच. पहिल्यांदा पांघरूण विणा. त्याला गळा नाही, बाह्या नाहीत, टाके वाढवणं-घटवणं नाही. बाळ अंदाजापेक्षा गुटगुटीत निघालं तरी ते तोकडं पडत नाही. टोपडं दिसायला एवढंसं असतं, पण डोक्याच्या गोलाईसाठी टाके घटवावे लागतात आणि नवशिक्या हाताचा धीर बहुतेक वेळा तिथेच सुटतो. मात्र पांघरूण अगदी सपाट विणू नका, विणीत थोडा उठाव असू द्या. सपाट विणीत एखादा टाका घट्ट, एखादा सैल असला की लगेच नजरेत भरतो. चौकटीच्या किंवा दाण्याच्या विणीत तो लपून जातो. शिवाय उठावाच्या खळग्यांत हवा राहते, त्यामुळे तेवढ्याच लोकरीत ऊब जास्त मिळते.

प्रश्न : मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताईला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. आजी तिच्या जुन्या सुया देते म्हणाली, पण तिला आता नीट दिसत नाही, त्यामुळे ती शिकवू शकत नाही. सुलट आणि उलट टाका मला व्हिडिओ बघून जमतो. एवढ्यावर पांघरूण होईल का?
— होणारी मावशी, पुणे

उत्तर : होईल, आणि चांगलं होईल. या दोन टाक्यांपलीकडे तुला काही लागणार नाही. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिलं काम म्हणून जी चौकटीची वीण देते, तीच तुला देते. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे बाळाच्या अंगावर कशीही पडली तरी उलटी पडत नाही. तिच्या कडाही गुंडाळत नाहीत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं नुसतं विणत गेलीस तर कापड चारी बाजूंनी वळतं आणि धुऊन, दाबून कितीही सरळ केलं तरी पुन्हा वळतंच. त्या वाटेला जाऊ नकोस.

सुया ८ नंबरच्या घे, म्हणजे ४ मि.मी.च्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर असतो आणि तो जितका मोठा तितकी सुई बारीक. एवढे टाके आजीच्या सरळ सुयांवर दाटीवाटीनं बसतील आणि टोकावरून निसटतील. म्हणून ८० से.मी. वायर असलेली गोल सुई घे, म्हणजे वायरनं जोडलेली दोन टोकं. गोल विणायचं नाही. ओळ संपली की काम फिरवायचं आणि सरळ सुयांसारखंच मागे यायचं. पांघरुणाचा भार वायरवर, म्हणजे तुझ्या मांडीवर राहतो, मनगटं दुखत नाहीत.

लोकर मध्यम जाडीची, ४०० ग्रॅम. थोडी उरेल, पण कमी पडण्यापेक्षा उरलेली बरी.

आधी नमुना विण. ४० टाके घाल आणि ५ सुलट, ५ उलट असं विणत १२ सें.मी. उंच जा. चौकटी यायला दर ६ ओळींनी क्रम बदलायचा, तो कसा ते पुढे आहेच. मग न ताणता मध्ये पट्टी ठेव. १० से.मी.त साधारण २२ टाके आले की हात बरोबर आहे. २४ आले तर तुझा हात घट्ट आहे, ७ नंबरची सुई घे. २० आले तर सैल आहे, ९ नंबर घे. नमुना झाला की तो आजीच्या हातात दे. डोळ्यांना दिसत नसलं तरी विण घट्ट आहे की सैल, लोकर चांगली आहे की नाही, हे तिच्या बोटांना तुझ्या-माझ्यापेक्षा आधी कळेल. ती शिकवू शकत नाही असं तू लिहितेस, ते मला पटत नाही.

आता पांघरूण. साधारण ७५ से.मी. रुंद आणि ९० से.मी. लांब होईल. १६६ टाके सैलसर घाल. अंगठ्यानं टाके घालत असशील तर सुरुवातीला ३ मीटर धागा मोकळा सोड, नाहीतर दीडशे टाके झाल्यावर तो संपतो आणि सगळं काढावं लागतं. दर २० टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं एक कडं सुईत अडकव, म्हणजे पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार नाही.

पहिल्या १४ ओळी पूर्ण सुलट. हा खालचा काठ. पहिली ओळ विणायला घेताना जी बाजू तुझ्याकडे होती, तिला सेफ्टी पिन लावून ठेव. दोन्ही बाजू सारख्या असल्यानं पुढे ही पिनच तुला दिशा सांगणार आहे.

मग चौकटी. सुरुवातीचे ८ आणि शेवटचे ८ टाके नेहमी सुलट, ते बाजूचे काठ. या दोन्ही ठिकाणी दोऱ्याचं कडं घाल आणि मधली मोजणीची कडी काढून टाक. मधले राहतात १५० टाके. त्यांवर ५ सुलट, ५ उलट, असं १५ वेळा. ओळ फिरवल्यावरही हेच, अगदी याच क्रमानं. अशा ६ ओळी. सातव्या ओळीपासून क्रम बदलायचा. काठाचे ८ सुलट झाले की आधी ५ उलट, मग ५ सुलट, असं १५ वेळा, शेवटी काठाचे ८ सुलट. याच्याही ६ ओळी. झाले दोन पट्टे. असे एकूण ४० पट्टे विणायचे आणि वर पुन्हा १४ ओळी सुलट. प्रत्येक नवा पट्टा सेफ्टी पिनची बाजू समोर असतानाच सुरू होतो. पिन मागे असेल आणि तू क्रम बदलायला निघाली असशील, तर कुठेतरी एक ओळ कमी किंवा जास्त झालीय.

हे सगळं मी आकड्यांत सांगितलं खरं, पण आकडे पाठ करत विणू नकोस. माझ्याकडच्या मुलींमध्ये जिला टाका ओळखता येतो तिचं पांघरूण पुरं होतं. जी फक्त कागद बघून विणते तिचं अर्ध्यात पडून राहतं. सुईवरच्या टाक्याच्या खाली बघ. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. उलट टाक्याच्या गळ्याशी आडवा दाणा असतो. चौकटीच्या सहा ओळींत नियम इतकाच, की समोर जे दिसतं तेच विणायचं. व्ही दिसला की सुलट, दाणा दिसला की उलट. पट्टा बदलताना त्या एका ओळीत नेमकं याच्या विरुद्ध करायचं, आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा दिसेल तेच. एकदा हे डोळ्यांना कळलं की फोनवर बोलता बोलता विणलंस तरी चूक होणार नाही. झालीच तर दुसऱ्या ओळीत दिसेल, पन्नासाव्या ओळीत नाही.

शेवटी टाके बंद करताना उजव्या हातात ७ नंबरची सुई घे. घट्ट बंद केलेला वरचा काठ आखडतो आणि पांघरूण वरून निमुळतं दिसतं.

एकूण चव्वेचाळीस हजारांहून जास्त टाके आहेत. नवा हात मिनिटाला पंधराएक टाके विणतो, म्हणजे हे पन्नास तासांचं काम झालं. रोज एक तास दिलास तर दोन महिन्यांच्या आत होईल. परीक्षा आहे म्हणून मध्ये थांबलीस तरी काही बिघडत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये लोकर कुणाला लागत नाही, या पांघरुणाचे खरे दिवस पावसाळ्यात येतील. फक्त थांबताना ओळ पुरी करून थांब. मध्येच सोडलेल्या ओळीत टाके ताणले जातात.

प्रश्न : चौकटीची वीण विणतेय. घातले होते १२०, आता मोजले तर १२९ भरतात. मी एकही टाका वाढवलेला नाही. मध्ये मध्ये बारीक भोकंही दिसतात.
— वैतागलेली वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही जाणूनबुजून वाढवलेले नाहीत, हे भोकांवरूनच कळतं. सुलट टाक्याला धागा मागे असावा लागतो, उलट टाक्याला पुढे. सुलटवरून उलटवर येताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो मधून न आणता सुईच्या वरून आणला, तर सुईवर एक वेढा जास्त पडतो. पुढच्या ओळीत तोच टाका म्हणून विणला जातो, टाका वाढतो आणि त्याच्या खाली भोक राहतं. चौकटीच्या विणीत प्रत्येक ओळीत धागा कितीतरी वेळा पुढे-मागे न्यावा लागतो. तेवढ्याच वेळा ही संधी येते.

असा वेढा पुढच्याच ओळीत दिसला तर सुईवरून सरळ सोडून द्या. त्याच्या खाली टाका नसतो, त्यामुळे काहीही उसवत नाही. दोन-चार ओळी पुढे गेला असाल तर मला तरी तेवढं उसवणंच बरं वाटतं. दोन टाके एकत्र विणून आकडा जुळवता येतो, पण भोक तिथेच राहतं. बाळाचं बोट अडकेल असं भोक त्याच्या पांघरुणात नको.

नऊपैकी काही टाके ओळीच्या अगदी सुरुवातीचेही असू शकतात. काम फिरवल्यावर धागा वर ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके वाटतात. ओळ सुरू करण्याआधी धागा खाली, कामाच्या पुढच्या बाजूला ओढून घ्या. मग एकच टाका दिसेल. तो दिसल्यावर धागा सुयांच्या मधून मागे न्या आणि विणायला लागा.

आणि पट्टा संपला की फक्त त्या पट्ट्याचेच टाके मोजा. सहा ओळींमागे एकदा मोजलं की चूक सहा ओळींपलीकडे जात नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथल्या नमुन्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्यात. आईनं भारतातून ८ नंबरच्या पाठवल्या. लोकर नमुन्यात आहे तीच घेतली, तरी पांघरूण सांगितलेल्या मापापेक्षा बरंच लहान होतंय आणि कडक लागतंय.
— परदेशातली वाचक

उत्तर : दोन्ही ८ नंबर वेगळे आहेत. भारतात चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. तिथे ८ म्हणजे ४ मि.मी., आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलट चालतं, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबरची सुई ५ मि.मी.ची असते. तुम्ही अख्ख्या एक मि.मी.नं बारीक सुईवर विणताय. आईच्या ८ नंबरच्या सुया म्हणजे अमेरिकेतल्या ६ नंबरच्या. तुम्हाला हवी ती ५ मि.मी.ची सुई भारतात ६ नंबर म्हणून मिळते. गोंधळ होणारच असा हा प्रकार आहे.

नंबर कुठलाही असो, मि.मी. बघा. सुईवर लिहिलेलं पुसलं असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून पाहिली की कळतं. आईनं पाठवलेल्या सुया ठेवा. वर पुण्याच्या वाचकाला दिलेली वीण त्यांवर छान होईल.

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीला थंडी अशी पडतच नाही. नातवासाठी लोकर कोणती घ्यावी? दुकानदार फरसारखी मऊ लोकर बाळांसाठी उत्तम म्हणतो. आणि आपल्या मातीतली, देशी लोकर का वापरू नये?
— होणारे आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा विणायला बसणार याचा मला फार आनंद झाला. हे पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

फरची लोकर घेऊ नका. तिचे तंतू सुटतात आणि बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. दुसरं म्हणजे फरमध्ये टाका दिसतच नाही. नवशिक्यानं तर टाका स्पष्ट दिसेल असा गुळगुळीत, एकसारख्या जाडीचा धागा घ्यावा आणि रंग फिका, एकच. काळा, गडद निळा, किंवा एकाच गुंड्यात चार रंग असलेला धागा घेतला तर चौकटींचा उठाव त्यात हरवतो आणि तुमच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळा.

कोकणातल्या दमट हवेसाठी मी सुती धागा घेईन. तो घाम शोषतो आणि अंगाला गार लागतो. मात्र तो लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे हात थोडा दुखतो. वजनालाही जड असतो. पांघरूण म्हणून ६० से.मी.च्या आसपास चौरसच ठेवा, मांडीवरच्या बाळाला तेवढं पुरतं. बाकी देशावर, आमच्या नाशिकसारख्या गावात जिथे थंडी चांगली पडते तिथे, बाळांसाठी म्हणून मिळणारी मऊ ॲक्रिलिक लोकर रोजच्या धुण्याला सोयीची. अंगाला खरी ऊब देते ती मेंढीची लोकर. त्यात मेरिनो मऊ, पण महाग आणि धुताना जपावी लागणारी. जी घ्याल ती दुकानातच गळ्याला घासून बघा. हाताच्या तळव्यानं पारख होत नाही, तिथली कातडी जाड असते. गळ्याला टोचली तर बाळाला टोचणारच.

देशी लोकरीबद्दल तुम्ही विचारलंत ते मनापासून आवडलं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि राकट असते. धनगरांच्या घोंगडीला तीच हवी. हातमागावर विणून, चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी पावसात आणि माळरानावर वर्षानुवर्षं टिकते ती त्या राकटपणामुळेच. तान्ह्या बाळाच्या कातडीला मात्र ती सोसणार नाही. नातू रांगायला लागला की त्याच्या खाली अंथरायला एक घोंगडी जरूर घ्या, वर जाडसर सुती चादर घाला.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच. गुंड्याच्या कागदावर लॉट नंबर असतो. सगळी लोकर एकाच लॉटची, एकदमच घ्या. त्याच रंगाची पण दुसऱ्या लॉटची लोकर नंतर आणली तर फरक दुकानातल्या दिव्यात कळत नाही, घरी उन्हात कळतो. आणि गुंड्यावर किती प्लाय लिहिलंय त्यावरून जाडी ठरवू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळलेत एवढंच. पदर बारीक असले तर चार पदरांचाही धागा बारीकच होतो. दुकानदाराला सरळ सांगा, ८ नंबरच्या सुईची लोकर द्या.

प्रश्न : साबुदाण्याची वीण विणायला घेतली. एक सुलट, एक उलट, प्रत्येक ओळ सुलटनं सुरू करते. साबुदाण्याऐवजी उभ्या पट्ट्या येतात, स्वेटरच्या कमरेला असतात तशा. काय चुकतंय?
— वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचे टाके सम संख्येत आहेत. सम टाक्यांवर ओळ उलटनं संपते. काम फिरवलं की तोच टाका समोरून सुलट दिसतो आणि तुम्ही त्यावर पुन्हा सुलट विणता. सुलटवर सुलट, उलटवर उलट, म्हणून पट्टी तयार होते.

एक टाका वाढवून संख्या विषम करा. मग प्रत्येक ओळ सुलटनं सुरू होईल आणि सुलटनंच संपेल, आणि दाणे आपोआप तिरपे बसतील. पण याहून भरवशाचा उपाय टाका बघून विणायचा. चौकटीत दिसतं तेच विणायचं असतं. साबुदाण्यात कायम विरुद्ध. व्ही दिसला की उलट, दाणा दिसला की सुलट. मग संख्या सम असो की विषम, ओळ कुठल्याही टाक्यानं सुरू होवो, वीण चुकत नाही.

साबुदाणा फार सुंदर आणि भरीव दिसतो, दोन्ही बाजूंनी सारखा असतो. पण प्रत्येक टाक्याला धागा पुढे-मागे न्यावा लागतो, त्यामुळे अख्खं पांघरूण त्यात विणायला चौकटीपेक्षा खूप वेळ लागतो. नवीन असाल तर त्याचा चार बोटं काठ करा आणि मध्ये चौकटी घ्या.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत बाळंत होणार आहे. मी हौसेनं पांघरूण विणलं. आता ती म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर बाळाच्या पाळण्यात पांघरूण घालायचंच नाही. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का? मन खट्टू झालं.
— होणारी आजी, सांगली

उत्तर : तुमचं मन खट्टू झालं हे मी समजू शकते. तरीही मुलीचं बरोबर आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्लाच तसा आहे. वर्षाच्या आतलं बाळ झोपताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर असावं आणि त्याच्याजवळ उशी, मोकळं पांघरूण, मऊ खेळणी काहीही नसावं. पांघरूण तोंडावर आलं तर इतक्या लहान बाळाला ते बाजूला सारता येत नाही. हा सल्ला तुमच्या विणण्यावर किंवा तुमच्या अनुभवावर नाही, झोपेपुरता आहे. मी तर म्हणेन, आपल्याकडच्या झोळीत आणि पाळण्यातही झोपलेल्या तान्ह्यावर मोकळं लोकरीचं पांघरूण टाकून दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

जागेपणी मात्र तुमचं पांघरूण पुष्कळ कामाला येईल. मांडीवर घेताना, बाबागाडीतून फिरवताना कुणीतरी समोर असताना, जमिनीवर पालथं टाकून खेळवताना खाली अंथरायला. तिथल्या थंडीत मोटारीत बसवताना बाळाच्या सीटचे पट्टे आधी अंगाबरोबर नीट बांधायचे आणि पांघरूण पट्ट्यांच्या वरून घालायचं. जाड कपडा पट्ट्यांच्या खाली असला तर पट्टे सैल राहतात. हे मुलीला तुम्ही सांगितलंत, तर तिलाही कळेल की आईनं तिचं म्हणणं मनावर घेतलंय.

पांघरुणाला गोंडे, मणी किंवा बटणं लावली असतील तर पाठवण्याआधी काढा. मागे लोंबणारी धाग्यांची टोकं विणीत निदान दोन-तीन इंच ओवून घ्या आणि मग कापा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

प्रश्न : मी डावखुरी आहे. मला आरशात बघून उलट्या दिशेनं शिकावं लागेल का?
— विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. विणकामात दोन्ही हात काम करतात. बाकीच्या जशा विणतात तसंच शीक आणि धागा डाव्या हातात धर. तुझा कामाचा हात धागा सांभाळेल, आणि तुला सुलट टाका इतरांपेक्षा लवकर जमण्याची शक्यता आहे. उलट्या दिशेनं शिकलीस तर पुढे प्रत्येक छापील नमुना मनातल्या मनात फिरवून वाचावा लागेल.

प्रश्न : एक टाका सुईवरून निसटला आणि पाच ओळी खाली गेला. शिडीसारखं दिसतंय. सगळं उसवू का?
— वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नको. आधी त्या टाक्याला सेफ्टी पिन लावा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाची सुई घ्या. समोर व्ही असलेली चौकट असेल तर क्रोशा समोरून टाक्यात घाला. शिडीची सर्वांत खालची आडवी दांडी टाक्याच्या मागे हवी. ती पकडून टाक्यातून पुढे ओढा. मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. पाच दांड्या, पाच वेळा. शेवटचा टाका डाव्या सुईवर पीळ न देता चढवा. दाण्यांची चौकट असेल तर काम फिरवा. मागच्या बाजूनं तीच चौकट व्ही दिसते, तिथून हेच करा. पाच ओळींत पट्टा बदलला असेल तर जिथे व्हीचे दाणे होतात तिथे काम फिरवून पुढच्या दांड्या दुसऱ्या बाजूनं उचला. दांडीचा क्रम चुकवू नका, एक जरी मागे राहिली तरी तिथे धागा लोंबतो.

उचललेला टाका सुरुवातीला आजूबाजूच्या टाक्यांपेक्षा घट्ट किंवा सैल दिसेल. पहिल्या धुण्यात तो बसतो.

प्रश्न : सासऱ्यांचा जुना हातविणीचा स्वेटर आहे. ते आता नाहीत. त्याची लोकर उसवून बाळाचं पांघरूण करावं असं सगळ्यांना वाटतंय. चालेल का?
— सून, नागपूर

उत्तर : लोकर चांगली असेल तर जरूर करा. आधी दोन गोष्टी बघा. कोपर आणि काख उजेडात धरा. तिथे विण विरळ झाली असेल तर तेवढा भाग सोडा. आणि लोकर गरम पाण्यानं आटून एकजीव झाली असेल तर ती उसवतच नाही, ओढाताण करू नका.

बाजूची शिवण काळजीपूर्वक काढून प्रत्येक भाग वेगळा करा आणि जिथे टाके बंद केलेत त्या टोकापासून उसवा. निघालेली लोकर कुरळी असते. तशीच विणली तर टाके खालीवर होतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात रिठ्यानं किंवा सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत टांगून खाली हलकंसं वजन लावा. वाळली की सरळ होते. मग गुंडे करा. एका मोठ्या माणसाच्या स्वेटरमधून लहानसं पांघरूण सहज निघतं.

लोकर गळ्याला टोचत असेल तर मात्र अख्खं पांघरूण करू नका. मऊ नवी लोकर मुख्य भागाला घ्या आणि सासऱ्यांच्या लोकरीचे वरचे-खालचे काठ करा. जाडी मात्र सारखीच हवी.

प्रश्न : विणून झालं. कडा थोड्या वाकड्या आहेत. इस्त्री करू का? आणि बारशाच्या आधी धुवावं की नको?
— नवी काकू, अहिल्यानगर

उत्तर : इस्त्री करू नका. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की ते कायमचं लुळं पडतं, चौकटींचा सगळा उठाव जातो आणि तो परत येत नाही.

धुवा मात्र नक्की. दोन महिने ते तुमच्या हातात, पिशवीत, सोफ्यावर फिरलंय. बादलीत गार किंवा अगदी कोमट पाणी घ्या, थोडा सौम्य साबण विरघळवा, पांघरूण दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि हलक्या हातानं दाबा. चोळू नका, पिळू नका. दोन पाण्यातून काढा. उचलताना दोन्ही हातांनी सगळं एकदम उचला, ओल्या पांघरुणाचं एक टोक धरून ओढलं की ते लांबतं. मग जुन्या टॉवेलात गुंडाळी करून पाणी दाबून काढा.

दोरीवर टाकू नका. पलंगावर कोरडी चादर अंथरा, त्यावर पांघरूण पसरा आणि हातानं सरळ करा. पट्टी घेऊन चारी बाजू मोजा, कोपरे काटकोनात आणा. काठ कुठे आखडला असेल तर तो आत्ता ओलेपणीच बोटांनी बाहेर ओढा. पंख्याखाली वाळू द्या, मध्ये एकदा उलटा. पूर्ण वाळेपर्यंत दीड-दोन दिवस लागतील, तेव्हा बारसं शनिवारी असेल तर बुधवारी धुवायला घ्या.